गार्डकाकांची पाचवी काडी

समता कॉलोनीतल्या आमच्या गल्लीत कुणाच्याही घरी चहाला जा, खिडकीत नाहीतर फ्रिजवर एक पारदर्शक डबा दिसेल. मिठाईचा, दह्याचा, जो हाताला लागला तो. डब्यात ओलसर माती आणि मातीत खोचलेली वीतभर लांबीची, करंगळीएवढी जाड, एकही पान नसलेली काडी. पाहुणे विचारतात, हे काय? घरचे अभिमानाने सांगतात, अंजीर. पाहुणे एकदा काडीकडे बघतात, एकदा घरच्यांकडे बघतात आणि सभ्य असतील तर चहा पितात.

ही साथ आमच्याकडे आणली गार्डकाकांनी. त्यांचं नाव पुंडलिकराव वानखडे, पण ते फक्त विजेच्या बिलावर. मूळचे मूर्तिजापूरकडचे. रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, बदल्या होत होत रायपूरला आले, इथेच घर बांधलं आणि इथेच रिटायर झाले. हल्ली या हुद्द्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, असं कुणी सांगितलं की ते म्हणायचे, मॅनेजर तर बँकेतही असते, गार्ड फक्त गाडीले असते. आमच्या आणि त्यांच्या परसात कंबरेएवढी एक भिंत. मी शाळेत शिकवते. आमचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या राज्यापासून इकडेच, त्यामुळे आमच्या मराठीत निम्मी हिंदी. काकांची वऱ्हाडी मात्र इतक्या वर्षांत जशीच्या तशी, जणू ती त्यांनी ब्रेकव्हॅनमध्ये कुलूप लावून ठेवली होती.

ब्रेकव्हॅन म्हणजे मालगाडीचा शेवटचा डबा. आयुष्यभर काका त्यात एकटे बसून उलट दिशेला बघत प्रवास करत आले, आणि माणूस जसा बसतो तसाच पुढे बनतो बहुतेक. कुठल्याही कार्यक्रमात ते शेवटच्या रांगेत बसत आणि सगळे बाहेर पडल्याशिवाय उठत नसत. कॉलोनीची सहल निघाली की सर्वांत मागच्या गाडीत काका. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत काका दहा पावलं मागे. एकदा मी विचारलं, पुढे का येत नाही? तर म्हणाले, "साऱ्या दुनियेनं पुढचं पाहिलं वो, म्या मागचं पाहिलं. पुढं जाणाऱ्याले काय कळते, मागं कोण सुटून रायलं ते."

परसात त्यांचं अंजिराचं झाड होतं. ते काकूंनी लावलं होतं. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला त्या माहेरी गेल्या आणि येताना ओल्या पंच्यात गुंडाळून एक फांदी घेऊन आल्या. पुढे प्रत्येक बदलीत त्या झाडाची एक काडी नव्या गावी जायची आणि तिथे लागायची. रायपूरचं झाड हे त्या वंशातलं चौथं की पाचवं, यावर नवराबायकोचा वाद होता. काकू गेल्या तेव्हा तो वाद तसाच राहिला. काका म्हणाले, आता ती म्हणते तेच खरं, पाचवं.

काकू होत्या तोवर काड्या लावणं हे त्यांचं काम. त्या गेल्यावर काकांनी ते हाती घेतलं आणि त्यात रेल्वे आणली. पानगळ झाली की छाटणी. बोटाएवढी जाड, चारपाच डोळ्यांची, म्हणजे कोंब फुटायच्या गाठींची, काडी निवडायची. अंजीर कापलं की पांढरा चीक येतो, तो एक दिवस वाळू द्यायचा. मग देवळातून आणलेल्या नारळांच्या शेंड्या कुटून केलेला भुसा, तितकीच रेती, आणि पाणी किती, तर पिळून वाळत घातलेल्या फडक्यात उरतं तेवढं. वरून प्लास्टिकची पिशवी, आत घाम धरला पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम कापण्याचा. वरचा काप सपाट, खालचा तिरपा. म्हणजे उद्या हातातून काडी पडली, तरी डोकं कुठलं आणि पाय कुठला हे चुकणार नाही. "डोक्शावर सपाट, पायाले तिरपं," हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की वर्गात पेन्सिलींना टोक करणारी मुलं पाहिली तरी मला तेच आठवायचं.

दुसरा नियम होता पानांचा. अंजिराच्या काडीला महिनाभरात हिरवं पान फुटतं आणि माणूस हुरळून जातो. ते पान काडीच्या स्वतःच्या शिदोरीवर आलेलं असतं. खाली मूळ असेलच असं नाही. त्या पानावर विश्वासून काडी उन्हात नेली की चार दिवसांत खेळ खल्लास. काका म्हणायचे, पान म्हणजे सिग्नल हिरवा झाला एवढंच. गाडी हालली असं नाही.

हा नियम न पाळणारे गल्लीत पुष्कळ. समोरच्या दवाखान्यातले दातांचे डॉक्टर हे त्यांचे शिरोमणी. काकांनी त्यांना एक काडी दिली, डब्याला लावलेल्या बिल्ल्यावर त्यांचं नाव घातलं. डॉक्टर दररोज पेशंट संपले की काडी अलगद उपटायचे, बॅटरीने मूळ बघायचे आणि परत खोचायचे. काकांना हे कळलं तेव्हा ते भर ओपीडीत गेले, कुणीतरी तोंड उघडून बसलेलं होतं त्याला नमस्कार केला आणि टेबलावरचा डबा काखेत मारून बाहेर पडले. डॉक्टर मागे धावले. काका म्हणाले, पेशंट हलवला आहे, दीड महिन्यानं चौकशी करा. दीड महिन्यानंतर काडी लागली आणि डॉक्टरांना परत मिळाली. सोबत तंबी. आजही डॉक्टर त्या झाडाजवळ गेले की हात मागे बांधून उभे राहतात.

दुसरी फजिती मात्र काकांची स्वतःची झाली. आमच्या दोन्ही घरी भांड्यांना येणारी सुखमती दीदी उरला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत राहते. तिचा नवरा तिथल्या रोलिंग मिलमध्ये. तिने एकदा छाटणीतली टाकून दिलेली फांदी उचलून नेली. ना भुसा, ना रेती, ना पिशवी. वर्षभराने तिने ओंजळभर अंजिरं आणून काकांच्या ओट्यावर ठेवली. काका हबकले. रविवारी माझ्या नवऱ्याच्या स्कूटरवर बसून ते पाहणीला गेले. घराच्या मोरीचं पाणी जिथे पडतं तिथे डोक्याच्या वर गेलेलं झाड, पानांवर मिलची काळी धूळ, आणि फांद्याफांद्यांना फळं. काकांनी विचारलं, लावलं कसं? दीदी म्हणाली, "हव साहेब, मैं तो बस खोंच दे रहेंव." नुसतं खोचलं होतं.

काका दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी भिंतीपाशी येऊन मला म्हणाले, की त्या बाईनं काप कसा दिला होता ते विचारायचं राहूनच गेलं. सपाट होता का तिरपा, कोण जाणे.

आता खरी गोष्ट. काकांची एकुलती एक लेक शुभांगी पुण्याला असते. काकू गेल्यावर वर्षभराने काका परसात घसरून पडले, मनगट मोडलं. शुभांगी आली, महिनाभर राहिली आणि निघताना तिने त्यांच्याकडून शब्द घेतला की आता घर विकायचं आणि पुण्याला यायचं. काकांनी शब्द दिला, पण एक अट घातली. घर घेणारा झाड ठेवणार नाही, हे उघड होतं. तेव्हा त्या झाडाच्या पाच काड्या लावायच्या. चार गल्लीत द्यायच्या, पाचवी पुण्याला न्यायची. पाचवी लागली की निघालो. शुभांगीने आनंदाने मान्य केलं. आपला बाप एका हिवाळ्यात डझनभर काड्या लावतो, हे तिला ठाऊक होतं. तिला वाटलं, होळीपर्यंत काम होईल.

पाचव्या काडीच्या बिल्ल्यावर काकांनी लिहिलं, एल.व्ही. कुठल्याही गाडीच्या शेवटच्या डब्याच्या पाठीवर या दोन अक्षरांची पाटी असते. लास्ट व्हेइकल. स्टेशनवरचा माणूस जाणाऱ्या गाडीला ती पाटी दिसते का हे बघतो. दिसली तर गाडी पूर्ण आली. नाही दिसली, तर मागे काहीतरी सुटलं आहे, आणि तोवर पुढच्या गाडीला रस्ता मिळत नाही.

पहिल्या वर्षी चार काड्या लागल्या, एल.व्ही. कुजली. पाणी जास्त झालं, काका म्हणाले. दुसऱ्या वर्षी चार लागल्या, एल.व्ही. वाळली. त्या वर्षी थंडी जास्त होती. फोन स्पीकरवर टाकून बोलायची त्यांना सवय, त्यामुळे शुभांगीचा वैताग भिंतीवरून आमच्याही स्वयंपाकघरात यायचा. पुण्याजवळ अंजिराच्या बागाच बागा आहेत, ती म्हणायची, तिथे काडी नेणं म्हणजे नागपूरला संत्री नेणं. काका शांतपणे उत्तर द्यायचे की ती पुण्याची अंजिरं, हे तुझ्या आईचं.

सुखमती दीदीला तेवढी शंका यायची. भांडी घासता घासता ती मला विचारायची, साहेबांच्या चार लागतात, मग पाचवीच का लागत नाही? मी शिकलेली बाई. मी तिला बुरशी, तापमान वगैरे समजावून सांगायची. ती ऐकून घ्यायची आणि हसायची.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या जानेवारीत, काका भाच्याच्या लग्नाला नागपूरला गेले. दहा दिवसांसाठी त्यांनी किल्ली आणि पाच डबे माझ्या हवाली केले. बजावून सांगितलं की फक्त पिशवी उघडून वारा द्यायचा, घाम कमी दिसला तर चार थेंब पाणी, बाकी हात लावायचा नाही. मी मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी पिशवी काढताना माझं लक्ष एल.व्ही.कडे गेलं. चारही काड्यांची डोकी सपाट होती. पाचवीचं तिरपं.

मी डबा खिडकीपाशी नेला, चष्मा पुसून बघितलं. शंकाच नव्हती. काडी उलटी लावलेली होती, पाय वर आणि डोकं मातीत. ज्या माणसाने सगळ्या गल्लीला डोकं आणि पाय शिकवले, त्याचंच चुकायला लागलं. मोतीबिंदू असेल, वय असेल. म्हणजे गेली दोन वर्षंही अशीच उलटी लागली असेल आणि बिचारे पाण्याला आणि थंडीला दोष देत बसले. हे त्यांना सांगावं कसं? मला सांगवलं नसतं. मग मी काडी हळूच काढली, मातीत काळवंडलेलं टोक नखाएवढं सपाट कापलं, काडी फिरवली आणि सरळ खोचली. माती दाबली, पिशवी चढवली, हात धुतले. उपकार करून तो न सांगण्यात जो एक गोडवा असतो, तो पुढचे सात दिवस मला पुरला.

काका परत आले. नागपूरची संत्र्याची बर्फी त्यांनी भिंतीवरून दिली आणि मग डबे बघायला आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांनी विचारलं, कुणी हात लावला होता का? मी म्हणाले, नाही. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, बरं.

त्यानंतर सकाळच्या फेरीत ते दहाऐवजी वीस पावलं मागे असत. मला वाटलं, लग्नातली दगदग. मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. डबा उन्हाकडे धरून दाखवला. पारदर्शक भिंतीला लागून पांढरी मुळं उतरली होती, शेवयांसारखी. मी टाळ्या वाजवल्या. भिंतीच्या अलीकडून मी, पलीकडून सुखमती दीदी, आम्ही दोघी खुशीत. काका म्हणाले, "आली एल.व्ही." आणि आत जाऊन शुभांगीला फोन लावला. त्या दिवशी स्पीकर बंद होता.

मग सगळं भराभर झालं. गिऱ्हाईक आधीच तयार होतं, सामान बांधलं गेलं, शुभांगी न्यायला आली. निघायच्या दिवशी काका झाडापाशी गेले, सवयीने मागे दोन पावलं उभे राहिले, आणि गार्डाची जुनी शिट्टी खिशात असूनही वाजवली नाही.

स्टेशनवर गाडीत माझा नवरा आणि शुभांगी सामान लावत होते. मी काकांजवळ बसले. एल.व्ही.चं रोपटं त्यांच्या दोन पायांच्या मधे, चार मोठी पानं डोलत होती. त्यांनी आल्या आल्या समोरच्या माणसाला विनंती करून जागा बदलून घेतली होती. खिडकी तीच, पण इंजिनाकडे पाठ. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, काका, शेवटी तिसऱ्या वर्षी का होईना, लागली.

"लागणारच होती," ते म्हणाले. "तू सरळ केली ना."

माझी कानशिलं तापली. मी काहीतरी पुटपुटले, की तुमची नजर चुकली होती, म्हणून मी...

"चुकली नव्हती वो बाई. तीन वर्षं म्या जाणून उलटी लावली. शुभांगीले नाही म्हणता येत नव्हतं अन् जावंसं वाटत नव्हतं. शब्द मोडायचा नाही, तर काडीच उलटी लावायची." ते हसले. "तेही भीतभीतच. अंजीर मोठं हट्टी झाड. उलटं लावलं तरी कधीमधी लागते."

तीन वर्षं या माणसाने आपलं घर एका उलट्या काडीवर तोलून धरलं होतं, आणि मी ती सरळ करून हात धुऊन मोकळी झाले होते. मला रडू आलं. मी म्हणाले, मग परत आल्यावर पुन्हा उलटी का नाही केली? तुम्हाला तर पहिल्याच दिवशी कळलं होतं.

काकांनी रोपट्याच्या एका पानावरची धूळ अंगठ्याने पुसली.

"गेलो होतो करायले. दोन डाव हात घातला. पण वरचा डोळा फुगला होता तिचा, हिरवा दिसून रायला होता. जित्या काडीले कोण उलटी करते?"

तेवढ्यात शुभांगी पाण्याची बाटली घेऊन आली. काकांनी पिशवीतून एक डबा काढून माझ्या हातात दिला. दह्याचा डबा, रेती, भुसा, वीतभर काडी. बिल्ल्यावर एल.व्ही. आणि काडीचं वरचं टोक तिरपं. म्हणाले, झाड पाडायच्या आधीची ही शेवटची छाटणी. "हिले सरळ करजो नको. लागली तर कळव. एल.व्ही. आली का नाही, हे पाहायले गार्डाले यावंच लागते."

मी खाली उतरले. गाडी हलली. डब्यातली बाकीची माणसं पुढे सरकत गेली तशी आमच्या नजरेआड झाली, पण काका मागे तोंड करून बसले होते, त्यामुळे ते बराच वेळ दिसत राहिले. हात हलवला नाही त्यांनी. काचेमागे ताठ बसून, मांडीवर तळहात ठेवून ते फक्त बघत होते. नवरा, मी, प्लॅटफॉर्म, रायपूर, कुणी सुटलं तर नाही ना मागे, याची खात्री केल्यासारखे. मग वळण आलं. शेवटचा डबा माझ्यासमोरून गेला, त्याच्या पाठीला ती दोन अक्षरांची पाटी होती. नियमाप्रमाणे गाडी पूर्ण गेली होती.

दह्याचा डबा आता आमच्या खिडकीत आहे. पाऊस उलटून गेला, गेल्या आठवड्यात तिरप्या टोकाच्या बरंच खाली, मातीला लागून एक पान फुटलंय. पान आलं म्हणजे मूळ आलं असं नाही, हे मला पाठ आहे. तरी सुखमती दीदी आणि मी रोज बघतो. मी हात मागे बांधून उभी असते.